घर बुक करायच्या आधी इंडेक्स टू बघा: नोंदणी विभागाच्या मोफत ई-सर्चचा रिव्ह्यू

महाराष्ट्रात कुठेही फ्लॅट घ्यायचा विचार करत असाल तर राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर मोफत ई-सर्च नावाची एक सेवा आहे, ती आधी वापरा आणि बाकी सगळं नंतर. सॅम्पल फ्लॅट नंतर, होम लोनवाल्याचा फोन नंतर, वास्तुशास्त्र तर खूपच नंतर. कारण तुम्ही ज्या बिल्डिंगमध्ये घर घेताय तिथे आधीच्या लोकांनी कागदावर खरंच किती पैसे दिलेत हे त्या सर्चमध्ये दिसतं, एक रुपया न देता, आणि माझ्या ओळखीतल्या दहातल्या नऊ लोकांना हे माहीतच नसतं. एवढी कामाची सरकारी सेवा आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हा एवढा मोठा रिव्ह्यू.

आधी सेवा काय आहे ते सांगते. आपल्याकडे घराचा करारनामा किंवा खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं की त्याचा एक गोषवारा तयार होतो, त्याला सूची क्रमांक दोन म्हणतात, बोलताना सगळे इंडेक्स टूच म्हणतात. एका पानाचा कागद असतो. सगळ्यात वर विलेखाचा प्रकार, त्याखाली मोबदला, त्याखाली बाजारभाव, मग फ्लॅट नंबर, मजला, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, तारखा, आणि शेवटी मुद्रांक शुल्क किती भरलं नि नोंदणी शुल्क किती. मोबदला म्हणजे घेणाऱ्याने कबूल केलेली रक्कम. बाजारभाव म्हणजे सरकारच्या रेडी रेकनरप्रमाणे (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेले दर) त्या घराची किंमत. या दोन ओळी शेजारी शेजारी बघितल्या की सेल्स ऑफिसमधली निम्मी बडबड आपोआप बाजूला पडते.

वापरायचं कसं. साइटवर तीन भाग आहेत, मुंबई, उर्वरित महाराष्ट्र आणि शहरी भाग. मुंबईचे दस्त १९८५ पासूनचे मिळतात, बाकी राज्याचे साधारण २००२ पासूनचे. वर्ष निवडायचं, जिल्हा, तालुका, गाव आणि मग मिळकत क्रमांक. इथेच बरेच जण सोडून देतात कारण मिळकत क्रमांकाच्या जागी ते सोसायटीचं नाव टाकतात आणि काहीच येत नाही. तिथे सर्व्हे नंबर, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर लागतो, आणि तो शोधायला महारेराच्या (राज्यातल्या बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्टचं पान उघडा, तिथे जमिनीची माहिती असते. तालुका पण नीट बघा, आपण ज्याला सरसकट पुणे म्हणतो त्यातलं बाणेर हवेलीत आहे आणि हिंजवडी मुळशीत. कॅप्चा कधी कधी दोनदा टाकावा लागतो, सर्च एका वेळी एकाच वर्षाचा होतो, त्यामुळे गेल्या तीन वर्षांचं बघायचं तर तीनदा करा. एवढं केलं की यादी येते, दस्त क्रमांक, तारीख, कुठल्या कार्यालयात नोंदला, कुणी दिलं, कुणी घेतलं, मिळकतीचं वर्णन, आणि शेवटी इंडेक्स टूचं बटण.

यादी मोठी असते. मोठ्या सर्व्हे नंबरवर शेकडो दस्त असतात, त्यात लिव्ह अँड लायसन्सचे असतात, बँकेच्या गहाणाच्या नोटिसा असतात, हक्कसोड असतं. आपल्याला करारनामा आणि खरेदीखत एवढंच बघायचंय, रिसेल असेल तर असाइनमेंट डीड (आधीच्या मालकाचा हक्क नव्याच्या नावावर करणारा दस्त) पण. त्यातून आपल्याच विंगमधले, आपल्या साइजचे, गेल्या सहा-आठ महिन्यांतले दस्त काढायचे आणि एका कागदावर मोबदला भागिले कार्पेट (घराच्या आतलं प्रत्यक्ष वापरायचं क्षेत्रफळ) असा दर काढायचा. क्षेत्रफळ बहुतेक वेळा चौरस मीटरमध्ये असतं, त्याला १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट. म्हणजे ६५ चौरस मीटर कार्पेट म्हणजे साधारण ७०० चौरस फूट. बाल्कनी, टेरेस वेगळी लिहिलेली असते ती मिसळू नका, कारण रेरा या बांधकाम प्रकल्पांच्या कायद्याच्या व्याख्येत बाल्कनी आणि ओपन टेरेस कार्पेटमध्ये धरत नाहीत आणि सेल्सवाले मात्र बोलताना सगळं एकत्र करून मोठा आकडा सांगतात.

हे सगळं करायला एक संध्याकाळ जाते. घरासाठी वीस वर्षं हप्ता भरणार असाल तर एक संध्याकाळ द्याच.

आता मी यावर इतकी का अडून बसलेय ते सांगते. माझ्या मावसभावाने आणि त्याच्या बायकोने पुण्याच्या पश्चिमेकडे एका बांधकाम चालू असलेल्या प्रोजेक्टमध्ये टू बीएचके घेतला, दसऱ्याच्या दिवशी, कारण त्यांना सांगितलं की हा रेट फक्त आजचा आहे, उद्यापासून चौरस फुटामागे वाढणार. दोघंही आयटीत, हिशोबाला पक्के, घरी भाजी घेताना सुद्धा चार ठिकाणी विचारणारी माणसं. पण तिथे एसीमध्ये बसवून, कॉफी देऊन, समोर कॉस्ट शीट ठेवून, शेजारच्या टेबलावर कुणीतरी बुकिंग करतंय असं सगळं वातावरण असताना त्यांनी टोकन दिलं. नंतर वर्षभराने त्यांच्यासाठी मी ई-सर्च करून बघितलं तेव्हा त्याच विंगमध्ये, तेवढ्याच कार्पेटचे, त्यांच्या आधीचे आणि नंतरचे सुद्धा करार बरेच खालच्या दराने झालेले दिसले. म्हणजे रेट वाढणार होता हे खोटं होतं. त्यांच्याकडून जास्त घेतले कारण ते जास्त द्यायला तयार झाले, दुसरं काही कारण मला तरी सापडलं नाही. मला त्या दिवशी फार राग आला, अजून येतो.

लोकांना वाटतं की घर आहे, दोन-चार लाख इकडे तिकडे, पुढे भाव वाढला की भरून निघेल. तसं होत नाही, आणि का होत नाही ते आकड्यांत मांडते. समजा आजूबाजूचे करार ८० लाखाच्या आसपास होतायत आणि तुम्ही ९० ला घेतलं. मुद्रांक शुल्क करारातली रक्कम आणि रेडी रेकनरची किंमत यात जी जास्त असेल तिच्यावर लागतं, पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीत ते ७ टक्के आहे (घेणाऱ्या सगळ्या महिलाच असतील तर १ टक्का सवलत मिळते, ती जरूर घ्या), म्हणजे त्या वरच्या १० लाखांवर ७० हजार गेले. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे अजून ५० हजार. नोंदणी शुल्क ३० हजारावर थांबतं म्हणून ते तेवढं वाचलं. म्हणजे १० लाख जास्त देताना तुम्ही प्रत्यक्षात ११ लाख २० हजार जास्त दिलेत. आता त्या १० लाखांतले ८० टक्के बँकेने दिले असं धरू, तर ८ लाखांचं जास्तीचं कर्ज, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं, हप्त्यात महिन्याला सात हजारांच्या जवळपास वाढ, आणि शेवटपर्यंत भरलं तर त्या ८ लाखांचे साडेसोळा लाखांच्या वर होतात. खिशातले ३ लाख २० हजार (बँकेने न दिलेले २ लाख आणि वरचे १ लाख २० हजार) धरले की एका संध्याकाळच्या घाईची किंमत वीस लाखांच्या घरात जाते. आणि हे वीस लाख देऊन घरात एक खिडकी सुद्धा जास्त मिळत नाही.

रिसेलमध्ये अजून वेगळी गंमत नाही, उलट जास्त त्रास आहे. बँक कर्ज देताना आपला व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, पाठवते आणि करारातली रक्कम नि व्हॅल्युएशन यात जी कमी असेल तिच्यावर टक्के काढते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच मिळतं, आणि त्या किमतीत स्टॅम्प ड्युटी नि रजिस्ट्रेशन धरत नाहीत. म्हणजे वरच्याच उदाहरणात व्हॅल्युअरने ८० लावले तर कर्ज ६४ लाखच, आणि उरलेले २६ लाख तुमचे, जिथे तुम्ही १८ धरून बसला होतात. टोकन दिलेलं असतं, मालकाला तारीख दिलेली असते. मग लोक काय करतात तर पर्सनल लोन काढतात, बायकोचं सोनं ठेवतात, आईची एफडी मोडतात, पीएफ काढतात. पर्सनल लोनचा हप्ता पाच वर्षांचा आणि होम लोनचा वीस वर्षांचा, दोन्ही एकदम चालू. याला घर घेणं कसं म्हणायचं.

आणि खरा फटका विकताना बसतो. मावसभावाची बदली बंगळुरूला झाली, फ्लॅट विकायचा ठरवला, तर येणारा प्रत्येक गिऱ्हाईक शेजारच्या फ्लॅटचा भाव सांगतो आणि तो खराच असतो. जो तयार होतो त्याची बँक तेवढं व्हॅल्युएशन देत नाही. भाड्याने दिलाय, भाडं हप्त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही, आणि तिकडे बंगळुरूचं भाडं वेगळं. तोट्यात विकला तर तो तोटा पगारातून वजा होत नाही, दीर्घ मुदतीचा भांडवली तोटा फक्त तशाच दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा करता येतो, आठ वर्षं पुढे नेता येतो, पण पगारदार माणसाकडे असा नफा असायला तर हवा. दोघं आता नोकरी बदलायला घाबरतात, दुसरं मूल नको म्हणतात, मावशी दर फोनला विचारते की विकला का रे. एका चुकीच्या दराने घरातल्या किती गोष्टी अडवून ठेवल्यात हे मी जवळून बघतेय.

भाव वाढेल की, असं म्हणणाऱ्यांनी २०१३-१४ मध्ये चढ्या दराने घेतलेल्या लोकांशी बोलावं. त्यानंतर नोटाबंदी आली, १ मे २०१७ ला रेरा, १ जुलै २०१७ ला जीएसटी, मग २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी फायनान्स कंपनी बुडाल्यावर बिल्डरांना पैसा मिळेना, मग कोरोना. शहराच्या कडेच्या बऱ्याच भागांत कितीतरी वर्षं भाव जागच्या जागी होते आणि हप्ते मात्र चालूच. त्या वेळी योग्य दराने घेतलेल्या माणसाला नुसता धीर धरावा लागला, जास्त दराने घेतलेला मात्र खरंच अडकला.

बरं, सेवेच्या मर्यादा पण सांगते कारण डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाहीये.

पहिली गोष्ट, मोबदला म्हणजे नोंदवलेली रक्कम. रिसेलमध्ये काही व्यवहारांत रोखीचा भाग असतो तो कागदावर येत नाही, त्यामुळे जुने आकडे कमी दिसू शकतात. उलटही होतं, काही ठिकाणी कर्ज जास्त मिळावं म्हणून करार फुगवून करतात आणि मग फर्निचर, मॉड्युलर किचन किंवा कॅशबॅक म्हणून परत देतात. हे फुगवलेले करार पुढच्या गिऱ्हाइकाला पुरावा म्हणून दाखवले जातात, की बघा मॅडम, मागच्या महिन्यात इतक्याला गेला. म्हणून एकच इंडेक्स टू बघून ठरवू नका, दहा-बारा तरी बघा आणि मधला आकडा धरा. ताबा मिळेपर्यंत हप्ता आम्ही भरू अशा स्कीममध्ये तर ते व्याज दरात आधीच घुसवलेलं असतं, राष्ट्रीय आवास बँकेने २०१९ मध्ये हाउसिंग फायनान्स कंपन्यांना अशा सबव्हेन्शन कर्जांपासून लांब राहायला सांगितलं होतं ते उगीच नाही.

दुसरी, पार्किंग, क्लब हाऊस, डेव्हलपमेंट चार्जेस, दोन वर्षांचा मेंटेनन्स हे कधी मोबदल्यात असतं, कधी बाहेर. सेल्सवाला जो ऑल इन आकडा सांगतो त्यात स्टॅम्प, जीएसटी सगळं धरलेलं असतं, तो आणि इंडेक्स टूचा मोबदला सरळ समोरासमोर ठेवला तर तुम्हाला उगाच फार मोठी तफावत दिसेल. कॉस्ट शीटमधून ऍग्रीमेंट व्हॅल्यू (करारातली रक्कम) वेगळी काढा आणि तीच लावून बघा. आणि ओपन पार्किंगचे पैसे कुणी मागत असेल तर सरळ नाही म्हणा, ते विकताच येत नाही.

तिसरी गोष्ट बाजारभावाच्या ओळीबद्दल. रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला दर आहे, दर वर्षी १ एप्रिलपासून लागू होतो (मधली काही वर्षं तसाच ठेवला होता, २०२५ मध्ये वाढवला), आणि तो त्याच साइटवर ई-एएसआर या ऑनलाइन दरपत्रकामध्ये गावाप्रमाणे बघता येतो, खुली जमीन, निवासी सदनिका, ऑफिस, दुकाने असे वेगवेगळे कॉलम असतात. तो बिल्टअपवर (भिंतींसकट क्षेत्रफळावर) असतो, कार्पेटवर नाही, हे लक्षात ठेवा. एखाद्या भागात खरा भाव त्याच्या खूप वर असतो, एखाद्या भागात खाली पण असतो. घासाघीस करताना तो तळ म्हणून उपयोगी आहे. करार त्याच्याहूनही १० टक्क्यांपेक्षा जास्त खाली गेला तर मधला फरक तुमचं उत्पन्न समजून त्यावर इन्कम टॅक्स लागू शकतो, त्यामुळे खूपच स्वस्त मिळतंय म्हणून उड्या मारायच्या आधी सीएला विचारा.

अजून एक, नुकतेच झालेले करार लगेच दिसतीलच असं नाही, आणि वर्णनात टायपिंगच्या चुका असतात, कधी विंग लिहिलेली नसते, कधी क्षेत्रफळ चौरस फुटात असतं. थोडं चिकाटीने बघावं लागतं. लोकांची नावं दिसतात, ती फक्त बघायला, कृपा करून कुणाला शोधून फोन करू नका.

महारेराची साइट याच्या जोडीला ठेवा. तिथे दर कळत नाही, पण किती फ्लॅट बुक झालेत हे दिसतं, आणि शेवटचे दोनच राहिलेत असं सांगणाऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये अर्धे रिकामे दिसले की बोलणी एकदम सोपी होतात. करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही हा रेरा कायदाच आहे. आणि टोकन देऊन बसलेल्यांसाठी, महारेराच्या नमुना अलॉटमेंट लेटरमध्ये (बुकिंग केल्यावर बिल्डर देतो ते पत्र) १५ दिवसांत बुकिंग रद्द केलं तर काही कापायचं नाही असं आहे, पुढे कपात टप्प्याटप्प्याने वाढत ६१ दिवसांनंतर घराच्या किमतीच्या २ टक्क्यांपर्यंत जाते. २ टक्के सोडून बाहेर पडणं आणि १० टक्के जास्त देऊन आत अडकणं यात कुठलं परवडतं ते तुम्हीच बघा. अलॉटमेंट लेटर मात्र सही करायच्या आधी वाचा, त्यात काय लिहिलंय त्यावर सगळं आहे.

मागच्या वर्षी माझ्या नणंदेने घर घेतलं तेव्हा आम्ही हे सगळं आधी केलं. प्रिंट काढून नेल्या होत्या, त्याच विंगचे इंडेक्स टू, प्रत्येकावर पेनाने कार्पेटचा दर लिहिलेला. पहिल्या ठिकाणी मॅनेजर म्हणाला की हे जुने रेट आहेत ताई, आम्ही तारखा दाखवल्या, मग म्हणाला की वर विचारून सांगतो, आणि त्यांचा फोन काही आला नाही. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या ठिकाणी सेल्सवाली मुलगी प्रामाणिक होती, तिने कागद बघितले आणि सरळ म्हणाली की या दराच्या जवळपास बसवू, फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे) काढते, पण पार्किंग आहे तेवढंच राहील. तिथे घेतलं. करार झाल्यावर काही दिवसांनी नणंदेने स्वतःचाच इंडेक्स टू ई-सर्चवर शोधून काढला आणि मोबदला, क्षेत्रफळ, नावाचं स्पेलिंग सगळं ताडून बघितलं, ते पण करा, चूक असेल तर लवकर लक्षात आलेली बरी.

माझ्याकडून माहितीसाठी पाचपैकी पाच, वापरायच्या सोयीसाठी तीन. मोबाइलवर करू नका, लॅपटॉपवर करा, यादी मोबाइलवर वाचवत नाही. इंडेक्स टू काढून देतो म्हणून पाचशे-हजार मागणारे एजंट दुय्यम निबंधक कार्यालयांच्या बाहेर भेटतात, नुसतं बघण्यासाठी त्यांना पैसे द्यायची गरज नाही. कोर्टात किंवा बँकेत सही-शिक्क्याची प्रत लागली तर ती रीतसर अर्ज करून कार्यालयातूनच घ्या.